निवलेले खांब

साहेब, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण माझा राग काही तुमच्याबरोबर गेला नाही. संस्थान भारतात विलीन झालं त्या हिवाळ्यात बेगम बाजारातलं कापसाचं गोदाम जळालं. आग दोन दिवस धुमसत होती, तरी काँक्रीटचे खांब उभे राहिले. मालकाला गोदाम लगेच सुरू करायचं होतं, म्हणून तपासणी आपल्या प्रयोगशाळेकडे आली. तुम्ही प्रमुख, आणि मी तुमच्याच हाताखाली शिकून तिथे नुकता लागलेला. खांबांतून कापून आणलेले तुकडे आचेने आतपर्यंत गुलाबी पडले होते. मी एक तुकडा दाबयंत्रात ठेवला. चांगलं काँक्रीट फुटताना बंदुकीसारखा आवाज करतं. हा निम्मा भारही न घेता मुकाट बसला, भुगा झाला. मी धावत तुमच्याकडे आलो. तुम्ही चहाचा कपसुद्धा खाली ठेवला नाहीत. "अरे मियाँ, पत्थर कू आग क्या करती?" मग सगळ्यांसमोर म्हणालात, "एवढ्या आगीत ज्यांनी माडी पेलली, ते खांब आता पडणार? कापताना तूच बिघडवला असशील तुकडा." आणि इमारत वापरायला योग्य आहे असं लिहून दिलंत.

माझा मोठा भाऊ त्याच गोदामात मुनीम होता. मलकपेठच्या घरातून तो निघाला तेव्हा मी त्याचा हात धरला. "दादा, जाऊ नकोस आज." तो चपला घालता घालता हसला. "तुझ्याच साहेबांनी पास केलंय ना? मग?" दुपारी माडीवर कापसाच्या गाठी रचत असताना खालचा खांब बसला. दादाला मी चपलांवरून ओळखलं. चौकशीत तुम्ही सांगितलंत, या मुलाने चाचणीच नीट केली नव्हती. माझी नोकरी गेली, त्याचं एवढं नाही. पण आईने मरेपर्यंत तेच खरं धरलं.

पुढे शिकलो ते सूड घ्यायचा म्हणूनच. परक्या शहरात भट्टीतच दाबयंत्र बसवून घेतलं आणि ठोकळे भाराखाली तापवले. अंगावर भार असताना तापलं, तर काँक्रीट बराच वेळ तग धरतं; दाबामुळे भेगा उघडत नाहीत. खरा घात निवताना होतो. खडी आणि सिमेंट एकमेकांपासून सुटतात, हवेतली ओल आत शिरते, आणि नव्याने भार चढवला की ते सर्वांत दुबळं असतं. तुम्ही आगीत उभे राहिलेले खांब पाहिलेत. माझा भाऊ निवलेल्या खांबांखाली गेला.

तुम्हाला खुर्चीत बसवून, चार लोकांसमोर तसा ठोकळा फोडून दाखवायचा होता. परत येऊन बोलावणं करायला तुमच्या दारात पोहोचलो, तर तिरडी बांधत होते. तेवढंही तुम्ही मला मिळू दिलं नाहीत.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. माफही केलेलं नाही. फक्त एक सांगतो: त्या दिवशी खांदा द्यायला चौथा माणूस मिळेना, तेव्हा मी पुढे झालो. पुराना पुलाच्या स्मशानापर्यंत कुणाला बदलूही दिलं नाही. तुम्ही फार हलके होतात, साहेब. त्याचाही मला राग आला.