‘कर्मचारी’ म्हणजे कोण

बाबा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, आणि माझ्या कामाविषयी मी तुम्हाला कधी काही सांगितलंच नाही. तुम्ही डहाणूच्या तहसील कचेरीबाहेर टाइपरायटर मांडून लोकांचे अर्ज लिहायचात. मी कंपन्यांचे करार लिहिते. दोन कंपन्या एक होतात तेव्हा कोणाचं काय कोणाकडे जाणार, ते शब्दांत बांधणं हे माझं काम, आणि ते मला चांगलं जमतं.

कॉलेजच्या सुट्टीत मी तुमच्या शेजारी बसायचे. एकदा तलासरीची एक बाई वारसनोंदीचा अर्ज करायला आली. मी तिच्या दोन मुलांची नावं टाइप करून पुढे ‘वगैरे वारस’ असं ठोकून दिलं. तुम्ही तिच्यासमोरच कागद ओढून काढलात. “वगैरे नावाचं मूल आहे का हिला?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र हसली आणि तिने लग्न होऊन गेलेल्या मुलीचं नाव सांगितलं. नवा अर्ज तुम्ही मला तिच्यापुढे शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला लावलात.

गेल्या वर्षी चिंचणीची एक कंपनी, कोळंबी सोलून, गोठवून परदेशी पाठवणारी, वापीच्या मोठ्या कंपनीत विलीन होणार होती. मी चिंचणीच्या बाजूने होते. सह्या झाल्या होत्या, विलीनीकरण लागू व्हायला महिना उरला होता. काही कागद तपासायला मी कारखान्यात गेले, तर सोलाईच्या टेबलाशी उभ्या असलेल्या बायांपैकी एकीने हातमोजे काढत विचारलं, “बाय, आमचा नाव हाय ना त्या कागदात?”

“आहे ना, सगळ्यांचंच आहे,” मी म्हणाले, आणि गाडीत बसून करार उघडला. सुरुवातीलाच, जिथे शब्दांचे अर्थ ठरवलेले असतात, तिथे लिहिलं आहे: ‘कर्मचारी’ म्हणजे पगारपत्रकावर नाव असलेली व्यक्ती. या बाया पगारपत्रकावर नाहीत, रोजंदारीच्या हजेरीपुस्तकावर आहेत. नोकरी चालू राहील, जुनी वर्षं धरली जातील, ही पुढची सगळी कलमं त्या एका शब्दावर उभी. बाया बाहेर.

मी तशीच मागे फिरले आणि कंपनीच्या मालकांना, शेठना, बाया राहिल्याचं सांगितलं. शेठ म्हणाले, “आता नको. वापीचे लोक बिथरले तर सगळंच मोडेल.”

“करारात दुरुस्तीचं कलम आहे. दोघांनी लेखी मान्य केलं की झालं. यातल्या कितीजणी तुमच्या वडिलांच्या वेळेपासून आहेत, शेठ?”

 मग त्यांनी वापीला फोन लावला.

बैठकीत वापीचे वकील म्हणाले, “सही थई गई, बेन. हवे शुं?” सही झाली, आता काय, असं. मी शांतपणे विचारलं, “विलीनीकरणाच्या दुसऱ्या दिवशी या बाया कामावर येतील. तेव्हा त्या कोणाच्या? आमची कंपनी तर उरलेलीच नसेल. आणि त्या आल्या नाहीत, तर तुमचा माल कोण सोलणार?” त्यावर ते दुरुस्तीला तयार झाले. तरी हंगामापुरत्या येणाऱ्या नऊजणी त्यांनी घेतल्या नाहीत. मी खूप ताणलं, पण तेवढ्यासाठी करार अडवायला शेठ तयार नव्हते. पुरवणी करार झाला: ‘किंवा हजेरीपुस्तकात सलग एक वर्ष नाव असलेली व्यक्ती’. सव्वीसजणी आत आल्या. मी स्वतः जाऊन त्यांना तो वाचून दाखवला. त्या नऊजणींनाही मीच सांगितलं.

शेठनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, मॅडम डोळ्यांत तेल घालून वाचतात म्हणाले. मी ते ऐकून घेतलं. पुरवणी करारात मी लिहिलं आहे की या बाया पहिल्या व्याख्येत ‘अनवधानाने’ राहून गेल्या. कोणाच्या अनवधानाने, ते लिहिलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. ती व्याख्या माझीच होती, एका जुन्या करारातून जशीच्या तशी उचललेली. तुम्ही विचारलं असतंत. खरं सांगते बाबा, तुम्ही असतात तर हे कबूल करायचं धाडस मला झालं नसतं, हे पत्र मी लिहिलंच नसतं.