मशीनच्या पोटातला दगड

गोंडल, फाल्गुन वद्य तृतीया

वडीलकीच्या मानाचे व्याही श्री. मनहरभाई रायचुरा आणि आदरणीय विहीणबाई कोकिळाबेन, मुक्काम भावनगर, यांना गोंडलहून धीरजलाल कोटेचाचा जय श्रीकृष्ण. एरवी मी वाकून लिहितो, या वेळी मान खाली घालून लिहितो आहे.

तुमच्या गुडघ्यांना नाथद्वारच्या पायऱ्या मानवल्या का? कोकिळाबेनची सर्दी गेली का? इकडे सगळं क्षेम आहे, म्हणजे माझ्या बायकोचं, इंदूचं क्षेम आहे. माझ्या कमरेचं आणि इज्जतीचं विचारू नका. तुम्ही पाठवलेला श्रीनाथजींचा ठोर परवा मिळाला. इतका तुपातला, साखरेत घोळलेला प्रसाद, पण घास तोंडात फिरत राहिला, गिळवेना. इंदूने विचारलं, दाढ दुखतेय का. मी हो म्हणालो. (माझ्या सगळ्या दाढा कधीच काढून झाल्या आहेत. हे तिच्या लक्षात आलं नाही की आलेलं तिने दाखवलं नाही, देव जाणे.)

आता मुद्द्यावर येतो, नाहीतर पत्र संपेल आणि मुद्दा राहून जाईल. तुमचं वॉशिंग मशीन आमच्या निरालीने मोडलेलं नाही. मी मोडलं. तिने तुम्हाला सांगितलं की एकदम चार रजया कोंबल्या आणि मशीन फुटलं. त्या रजया कपाटात जशा होत्या तशा घडी घालून पडल्या आहेत, त्यांना पाण्याचा थेंब लागलेला नाही. रविवारी कोकिळाबेन इंदूला फोनवर म्हणाल्या की निरालीचा हात जरा जड आहे हं. हसत म्हणाल्या, मला मान्य आहे. पण सुनेबद्दल हसत म्हटलेली गोष्ट नातेवाइकांत कशी फिरते, ते आपण दोघेही जाणतो. आमच्या थोरल्या काकींच्या हातून लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात लोणच्याची बरणी फुटली होती. पुढे काकींनी त्या घरात सात जणांची लग्नं लावली, सासूचं शेवटपर्यंत केलं, पण गेल्या त्या दिवसापर्यंत त्या ‘बरणीवाली’च राहिल्या. निरालीला तुमच्या घरी येऊन अजून पुरतं वर्षही झालेलं नाही. तिला ‘मशीनवाली’ हे नाव माझ्यामुळे चिकटू नये, एवढ्यासाठी हा कागद खर्ची घालतो आहे.

लेकीच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. (तुम्ही म्हणता, धीरजभाई, तो काळ गेला. काळ गेला असेल, पण माझे वडील माझ्या मानेवरून अजून उतरलेले नाहीत.) म्हणून तुम्ही दोघं दर्शनाला, जावईबापू पार्थिवकुमार कामासाठी सुरतला, निराली एकटी, तेव्हा सोबतीला या असा तुमचाच प्रेमाचा फोन आला, तसा मी थेपल्यांचा मोठा डबा, छुंद्याची बाटली आणि पाण्याचा जार घेऊन निघालो. बसमधल्या लोकांना वाटलं मी कुठेतरी हॉटेल टाकायला चाललोय. पण थेपले दुसऱ्याच दिवशी संपले. (प्रवासात मला भूक जास्त लागते.) निराली रडवेली झाली, म्हणून तिच्या हातची कढी-खिचडी खाल्ली. फार सुंदर झाली होती, दोनदा मागून घेतली, आणि तिथेच सगळं बिघडलं. हात धुतल्यापासून मन खाऊ लागलं. तिच्या हातावर काही ठेवायला गेलो तर ती रागावली. मग ठरवलं, या घराचं एखादं काम करून तरी जायचं. त्याच वेळी मोरीत तुमचं मशीन कपडे पिळायला लागलं आणि घरात विमान उतरतंय असा आवाज झाला.

बेअरिंग गेली आहेत, हे मी ऐकताक्षणी ओळखलं. (म्हणजे निरालीने सांगितलं. कंपनीचा माणूस आधीच बघून गेला होता. बेअरिंग, आतलं सील आणि दाराचं रबर बदलायचं होतं, आणि तुम्ही परत आल्यावर तो येणार होता.) मी म्हटलं, परका माणूस कशाला, घरचा बाप बसलाय. फोनवर व्हिडिओ पाहिला. एक गोरा माणूस, हातात निळे मोजे, शीळ घालत घालत मशीन उघडतो आणि चहा थंड व्हायच्या आत मिटवतो. बाजारात जाऊन सगळे भाग आणले, पाने आणले, आणि जेवण झाल्या झाल्या मोरीत बैठक मारली.

वरचं झाकण काढलं, तर आत काय असावं? दगड. सिमेंटचा चांगला जाडजूड ठोकळा, बोल्ट मारून पक्का बसवलेला. मनहरभाई, माझी हयात मार्केट यार्डात भुईमुगाच्या आडतीत गेली. पोतं नुसतं हलवून मी सांगतो की त्यात माती किती आणि खडे किती. तळाला दगड घालून वजन वाढवणारे मी इतके पकडलेत, की मला येताना पाहून काही जण आपली पोती आपणहून उपसायला घेतात. तेव्हा तो ठोकळा पाहून मला जे वाटलं ते दुसऱ्या कोणाला वाटलं नसतं. मला आनंद झाला! चोर सापडला! लोक दुकानात मशीन हलवून बघतात, जड लागलं की मजबूत समजतात, म्हणून या लबाडांनी पोटात दगड भरला. मी फोटो काढून यार्डाच्या ग्रुपवर टाकला. लगेच हात जोडलेली चित्रं आली, ‘धीरजभाईंच्या नजरेला मानलं’ असं दोघांनी लिहिलं. ठोकळा मी पुरावा म्हणून तुमच्या बाल्कनीत नेऊन ठेवला. त्यात कमर गेली, पण त्या वेळी तिचं काही वाटलं नाही.

पुढे जुनी बेअरिंग निघेनात. हातोडा घ्यावा लागला. भावनगर दुपारी झोपतं हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? गोंडलला दुपारी शटर खाली असताना कोणी हाक मारली तर आम्हीसुद्धा मेल्यासारखे पडून राहतो. पण अंगात कामाचं वारं शिरलं होतं. थोडी ठोकाठोक होते न होते तोच खालच्या मजल्यावरच्या सरयूबेन पदर सावरत दारात.

‘कोणाला मारताय, काका?’

‘बेअरिंगला.’

‘मेलं असेल एव्हाना. आता झोपा, आणि आम्हालाही झोपू द्या.’

चार वाजेपर्यंत थांबलो, मग काढली. नवी बसवली, सील बसवलं, दाराचं रबर बोटं सोलून घेत चढवलं, आणि एवढं सगळं बरोबर केलं हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. झाकण लावायला घेतलं तेव्हा निराली फोन घेऊन आली. म्हणाली, ‘पप्पा, व्हिडिओतला माणूस तो दगड परत लावतोय.’ मी म्हटलं, ‘लावणारच. त्यांचाच माणूस असेल.’ ती म्हणाली, ‘पण त्यांचा असता तर उघडून का दाखवला असता?’ प्रश्न बिनतोड होता. मी उत्तर दिलं, ‘यार्डात तू बसलीस की मी?’

माझा लेंगा आणि दोन टॉवेल आत टाकून मशीन सुरू केलं. काय सांगू! आवाज नाही, घरघर नाही. डोळे भरून आले. इंदूला फोन लावून मशीनजवळ धरला. ती म्हणाली, ‘मला काही ऐकू येत नाही.’ मी म्हटलं, ‘तेच तर!’

मग ते पिळायला लागलं. आधी जागच्या जागी डोललं. मग एक पाय उचलला, मग दुसरा, आणि मोरीचा उंबरा ओलांडून थेट स्वयंपाकघरात आलं. (नव्या नवरीनेही इतक्या झोकात उंबरा ओलांडला नसेल.) मी पुढून अडवलं, तर त्याने मला ओट्यापर्यंत ढकलत नेलं. मागे नळी सुटली, पाणी मोकळं झालं. तेव्हा मला सुचलं ते एकच, वजन पाहिजे! आणि मनहरभाई, कसं लिहू, तुमचा हा व्याही, ज्याला तुम्ही लग्नात फेटा बांधून पहिल्या रांगेत बसवलं होतं, तो तुमच्या मशीनवर चढून बसला. बसल्यावर कळलं की तो ठोकळा कशासाठी होता. माझ्या हाडांनी त्याची जागा घेतली होती आणि त्याचं काम माझ्याने होत नव्हतं. मशीन मला घेऊन भिंतीवर आपटलं, मागे आलं, परत आपटलं. निरालीने ओट्यावर चढून बटण बंद केलं तेव्हा आतल्या टाकीला वरपासून खालपर्यंत भेग गेली होती. तिने मला खाली उतरवलं आणि विचारलं, ‘लागलं का?’ मशीनकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

इथपर्यंतचं सगळं मूर्खपणात जमा होईल. माझी मान खाली जाते ती यापुढच्यासाठी. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही पोहोचणार होता आणि मी सकाळच्या बसने पळालो. यार्डात लिलाव आहे, असं निरालीला सांगितलं. (सीझन संपून केव्हाच झालाय, तिला काय कळत नाही?) ती म्हणाली, ‘तुम्ही जा, मी बघते.’ काय बघणार ते मी विचारलं नाही, कारण उत्तर मला नको होतं. मग संध्याकाळी तुमचा फोन आला. तुम्ही किती हळुवारपणे म्हणालात, मुलं आहेत, व्हायचंच. तेव्हा मी खरं सांगू शकलो असतो, तोंड उघडलंही होतं. पण त्यातून निघालं काय? ‘हो हो, निराली लहानपणापासूनच धांदरट आहे.’ आणि तुम्ही म्हणालात, स्पीकर चालू आहे, निराली इथेच बसलीय, बोला तिच्याशी. ती फोनवर आली आणि म्हणाली, ‘पप्पा, कमरेला शेक घेताय ना?’ कोकिळाबेनना वाटलं असेल, म्हाताऱ्याची नेहमीची कमर. त्या दिवसापासून मी जेवायला बसतो पण जेवत नाही.

माझी मुलगी धांदरट नाही. तिने आजवर साधी कपबशीसुद्धा फोडलेली नाही. हे मी शपथेवर लिहितो, आणि हा कागद तुम्ही ज्याला हवा त्याला वाचून दाखवा, तुमच्या भावांना, सरयूबेनना, पूर्ण इमारतीला. पार्थिवकुमारांना आशीर्वाद. कोकिळाबेनपुढे कान धरून उभा आहे असं समजावं.

आपला शरमिंदा,
धीरजलाल

ता. क. : बाल्कनीतला ठोकळा टाकू नका. नवं मशीन आलं की त्याला त्याचा स्वतःचा असेल, तेव्हा हा कुंडीखाली ठेवायला बरा. फोटोवरून यार्डात दोघांनी आपापल्या घरची मशीन उघडली आहेत. त्यांच्या बायका मला शोधत आहेत.

ता. क. दुसरा : तुमचा मिक्सर चालू करू नये. मशीन उघडण्याआधी हात बसावा म्हणून तो उघडला होता.

ता. क. तिसरा : काल मी निरालीला फोन करून सांगितलं की मी व्याह्यांना खरं लिहितो आहे. ती म्हणाली, ‘नका लिहू, पप्पा. मला इकडच्या आई दोन दिवस बोलतील आणि विसरतील. तुम्हाला कोणी काहीच बोलणार नाही, म्हणून कोणी विसरणारही नाही.’ मनहरभाई, पोरीने बरोबर ओळखलंय. साखरपुड्यात माझ्या हातून तुमच्या पांढऱ्या कुडत्यावर उकळता चहा सांडला, तर तुम्ही म्हणालात, बरं झालं, थंडीच वाजत होती. मी आजही तुमच्यासमोर बसलो की तुमच्या कुडत्याकडे बघतो. मला माफी नको. माझी विनंती एवढीच की माझी एकदा खरडपट्टी काढा. आपल्या सख्ख्या भावाला बोलाल तसं, आवाज चढवून, एकेरीवर येऊन. फोन करा, स्पीकर चालू ठेवा आणि निरालीला शेजारी बसवून घ्या. ती मध्ये पडेल, पप्पांना काही बोलू नका म्हणेल. एवढ्या एका बाबतीत तिचं ऐकू नका.