तांब्यावरचं कुंकू

बाबा, तुमचं गलबत सापडलं. तुम्ही असतात तर मी फोनवर एवढंच म्हटलं असतं आणि तुम्ही लगेच विचारलं असतंत, "कशावरून?" लेकीच्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्यांतले तुम्ही नव्हतातच. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, त्यामुळे लिहिता तरी येतंय.

ऑन्टॅरिओतल्या लंडनचं आपलं स्वयंपाकघर. जेवणं झाली की तुम्ही टेबल पुसता, त्यावर मऊ फडकं अंथरता आणि भिंग माझ्या हातात देता. अमेरिका नुकती स्वतंत्र झाली होती, सुट्ट्या पैशांची चणचण होती, म्हणून न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांनी गलबताचं चित्र असलेली तांब्याची टोकनं पाडून घेतली, हे हजारदा सांगितलेलं पुन्हा सांगता. एका साच्यातली सगळी टोकनं सारखीच दिसतात. "चेहरा बघू नकोस, व्रण बघ," तुम्ही म्हणता. कडेचा टवका, एखादा ओरखडा. जुन्या लिलावांच्या कॅटलॉगमधल्या फोटोंशी तो ताडून बघायचा आणि टोकन आधी कोणाकडे होतं, त्याआधी कोणाकडे, हा माग काढत मागे मागे जायचं. माग तुटला की जागा रिकामी सोडायची. "बहुधा" हा शब्द तुम्हाला शिवीसारखा लागायचा. त्यातलंच एक आपल्याकडे होतं; त्याला शिडाच्या वर, अगदी कडेला एक टवका होता आणि रंग जुन्या काळ्या गुळाचा. तांब्यावर तो रंग चढायला पिढ्या जातात आणि संग्राहक त्या रंगासाठीच जीव टाकतात, हे मला ठाऊक होतं. आईला कोणी सांगितलंच नव्हतं.

त्या लक्ष्मीपूजनाला आईने देव घासले, पळी-पंचपात्र घासलं आणि पूजेत जुनं नाणं असावं म्हणून तुमचं टोकनही चिंच-मीठ लावून लख्ख केलं. तुम्ही कामावरून आलात तेव्हा ते ताम्हनात चमकत होतं. बूट दारात आडवे पडले तरी घर डोक्यावर घेणारे तुम्ही! तुमचा चेहरा उतरला, ओठ हलले. तेवढ्यात आईने कौतुकाने विचारलं, "छान निघालंय ना?" तुम्ही म्हणालात, "छान निघालंय." मग पाटावर बसलात, बोट बुडवून गलबतावर कुंकू लावलंत आणि हात जोडलेत. दुसऱ्या दिवशी ते कुंकवासकट तुमच्या नाण्यांच्या पेटीत गेलं. आपण काय केलं हे आईला पुढे कधीतरी माझ्याकडूनच कळलं. ती तुम्हाला काही बोलली नाही, पण तिच्या मनातून ते गेलं नाही.

तुम्ही गेलात, घर विकलं, आई माझ्याकडे मार्कहॅमला आली. पेटी एका व्यापाऱ्याने एकगठ्ठा नेली. तुमची कुठलीच वस्तू तेव्हा आम्हा दोघींना डोळ्यांसमोर नको होती. पण काही वर्षांनी आई विचारायला लागली, चहा पिताना, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना गाडीत, कधीही.

"अगं, ह्यांनी ते कुंकू मागाहून पुसलं असेल का?"

"आई, काय फरक पडतो आता?"

"पडतो. पुसलं असेल तर राग होताच म्हणायचं. माझ्यासमोर नुसता गिळला."

तिची नजर मंदावत चालली तसा हा प्रश्न वाढत गेला. म्हणून मी शोधायला लागले. तांब्याची गलबतं जिथे जिथे विकायला येतात, तिथले फोटो मी चाळायचे. तुमच्या तालमीतली ना मी, भलत्या गलबताला आपलं म्हटलं नाही.

या हिवाळ्यात नॉर्थ यॉर्कच्या एका म्हाताऱ्या संग्राहकाने फोटो टाकला. शिडाच्या वर टवका. गलबताभोवतीच्या अक्षरांच्या खाचांत लाल. खाली लिहिलं होतं: पूर्वी घासलेलं, लाल डाग, आधीचे मालक अज्ञात. मी ऑफिसच्या वॉशरूममध्ये जाऊन रडले. पेटी कायम तुमच्या हाताशी असायची आणि तुम्ही ते पुसलं नव्हतंत, बाबा. संध्याकाळी आईला फोटो दाखवला. तिने फोन अगदी डोळ्यांपाशी नेला, पण तिला काही दिसेना. "हातात आणून दे," म्हणाली. त्या माणसाला फोन केला, तेव्हा डागाबद्दल मी चकार शब्द काढला नाही. घेणाऱ्याने गरज दाखवू नये, हेही तुम्हीच शिकवलेलं. शनिवारी येते, एवढंच म्हणाले.

शनिवारी त्याने चहा केला, मखमलीवर टोकन ठेवलं. लाल कुठेच नव्हतं. "दॅट रेड गंक? गॉट इट ऑल आउट फॉर यू," तो आनंदाने म्हणाला. गुलाबाच्या काट्याने, एकेका अक्षरातला लाल मळ कोरून काढलेला, धातूला ओरखडा न पाडता. तुम्हीही वाखाणलं असतंत असं काम. मी थँक यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार? गाडीत बसल्यावर मात्र स्वतःला वाटेल ते बोलले. फोनवर एक वाक्य बोलले असते तर ते कुंकू राहिलं असतं. आधीचा फोटो माझ्याकडे आहे, तुम्हाला पुरावा म्हणून तेवढा पुरे.

आईला तो पुरला नसता. घरी आले तर ती कोट घालून दाराशीच बसली होती, जणू तिलाच कुठे जायचं होतं. मी टोकन तिच्या तळहातावर ठेवलं. बोटांनी तिने टवका शोधला, गलबत शोधलं.

"आहे ना गं कुंकू?"

होतं, परवापर्यंत होतं, असं सांगता आलं असतं. तेही खरंच होतं.

"आहे," मी म्हटलं.

तिने अंगठा अक्षरांवरून सावकाश फिरवला आणि तुम्ही गेल्यापासून मोकळ्या असलेल्या कपाळावर टेकवला. मग माझ्याकडे तोंड वर करून विचारलं, "नीट मधोमध लागलं का?"

मी हो म्हटलं, बाबा.