शनिवारच्या पानाचा खुलासा

देव एक आहे आणि तो लिहिलेले सगळे वाचतो, हे आधी मांडून मी, जोकबेद इनॉक वाकरूळकर, वय ७४, शिक्षण मॅट्रिक, व्यवसाय घरकाम, राहणार पनवेल, हे मृत्युपत्र शुद्धीत असताना आणि कुणाचा दाब नसताना स्वतःच्या हाताने लिहिते. डॉक्टरांनी हृदय कमजोर सांगितले आहे, डोके नाही.

कलम १. राहते घर, दोन खोल्या व मोरी, तसेच बँकेतील ठेव मुलगा यायर यास. घर हवे तसे रंगवावे, पण दाराच्या चौकटीवरची मेझुझा, म्हणजे देववचनाची डबी, हलवू नये.

कलम २. एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावाने करायच्या मलिद्याचे मोठे ताट सिनेगॉगला. हेच ताट माझ्या चुलतजाऊबाईंनी नेऊन सहा वर्षे परत केले नव्हते. मी त्यांना माफ केले आहे. तरी त्यांना ते पुन्हा उसने देऊ नये.

कलम ३. शिवणयंत्र सुनेला. भांड्यांचे पुढे लिहीन असे ठरवले होते, पण मन सारखे वहीकडे धावते, तेव्हा आधी तेच.

कलम ४. माझी शेजारीण हौसा हिची न्हावा शेव्याच्या बाजूला मिठागराची जमीन आहे. ती एका बिल्डरने स्वतःच्या नावावर दाखवली, म्हणून तिने दावा लावला. हौसाला वाचता येत नाही, म्हणून नऊ वर्षे प्रत्येक तारखेला मी तिच्याबरोबर गेले. माझी वही पुढून किराण्याची, मागून कोर्टाची. न्यायाधीश किती वाजता बसले, काय बोलले, तारीख का पडली, सगळे त्यात आहे. कोर्टाचे नाव इथे लिहीत नाही.

५ एप्रिल २०२५, शनिवार. शब्बाथ, म्हणजे आम्हा ज्यूंचा विसाव्याचा दिवस होता, त्या दिवशी वाहनात बसत नाही, म्हणून मी रिक्षा न करता चालत गेले. न्यायाधीशांनी निकाल वाचायला घेतला. ‘सदर जमीन वादीची’ इथपर्यंत आले आणि शिपायाने चिठ्ठी आणून दिली. ते उठून आत गेले. भिंतीवरच्या घड्याळात अकरा मिनिटे झाली. परत आले तेव्हा चेहरा धुतलेला, ओलाच होता. फाईल मिटून म्हणाले, “पुढील तारीख.” मंगळवारी त्यांची बदली झाली. कोर्टाच्या रोजनाम्यात मात्र एवढेच: वेळेअभावी तहकूब.

पुढे एक परदेशी बाई आल्या. न्यायाधीश मोकळेपणी निकाल देतात की त्यांच्यावर कुणाचा दाब येतो, हे देशोदेशीच्या कोर्टांत मागच्या बाकावर बसून पाहणारी त्यांची संस्था. त्यांनी माझे पान मागितले. हौसाची नात प्राची कायदा शिकते, ती मध्ये बसून मराठी करून सांगत होती. “आजी, त्या विचारतात, हे त्याच दिवशी लिहिलंत का?”

मी “हो” म्हणाले.

ते खोटे होते. शब्बाथला मी पेन धरत नाही. रात्री तारे दिसले की शब्बाथ सुटतो, तेव्हा लिहिता आले असते, पण उन्हात चालून मला ताप भरला होता. त्या तापात तेच घोकत राहिले: अकरा मिनिटे, ओला चेहरा, पुढील तारीख. लिहिले रविवारी सकाळी, आणि वर तारीख टाकली शनिवारची. मजकुरात एक अक्षर पदरचे नाही. पण रविवार म्हटले तर बाई पान बाजूला ठेवतील या भीतीने ते “हो” तोंडातून गेले.

अहवाल आला. प्राचीने वाचून दाखवले: ‘त्याच दिवशी केलेल्या नोंदीनुसार.’ तेव्हापासून मला प्रार्थनेत उभे राहवत नाही. आता तोच अहवाल हौसाच्या वकिलांनी वरच्या कोर्टात लावला आहे. समोरचे वकील परवा जिन्यात हसून म्हणाले, “काय आजी, शनिवारी लिहायची सूट मिळाली वाटतं देवाकडून?” म्हणजे त्यांना ठाऊक आहे. वेळ साधून बोलणार आहेत.

प्राची म्हणते, “आजी, गप्प राहा ना. सिद्ध काय करणार ते?”

मग मी हौसालाच सांगितले. म्हटले, “माझ्यापायी तुझी जमीन जाईल गं.” ती पाटीतली कोळंबी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “म्हावरा ताजा हाय, पाटी शिली हाय. तर पाटीचा सांग ना. नाय सांगलास तर लोक म्हावरापन फेकतील.”

म्हणून जाहीर करते की ते पान मी रविवार, ६ एप्रिल रोजी लिहिले. जुनी तारीख खोडलेली नाही. शेजारी खरी तारीख लिहून सही केली आहे. वही प्राचीस द्यावी. किराण्याची पाने तिने फाडू नयेत. पावशेर साखरेतही ही बाई चुकत नव्हती, हे त्यावरून दिसेल.

कलम ५. ज्या पितळी डब्यातली भाकरी आम्ही दोघींनी कोर्टाच्या पायरीवर खाल्ली, तो हौसाला. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे प्राची सांगते. त्यावर हौसा म्हणाली, “मंग डबा नको मना, अंगठा मारते.” डबा तिने घ्यावाच. बाकीची भांडी यायरने हवी तशी वाटावी.

कलम ६. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. कलम ४ ला हे लागू नाही. परवापर्यंत मीही तसेच ठरवले होते. पण मेलेल्या बाईची उलटतपासणी होत नाही, मग तिच्या खरे बोलण्याला कोण विचारतो? त्या कलमाची नक्कल प्राची उद्या सकाळी परदेशी बाईंना आणि हौसाच्या वकिलांना देईल. मला जरूर बोलवावे. शनिवारी बोलावले तरी चालत येईन. त्या दिवशी फक्त सही मागू नये.

सही: जोकबेद इनॉक वाकरूळकर

वरील सही आम्हा दोघांच्या समोर झाली.
साक्षीदार: १. कृष्णकांत घरत, निवृत्त शिक्षक
२. भावना कडू, शेजारी

स्थळ: पनवेल
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५. लिहिले आजच.