लिहून घेणारीची सही

अण्णा, तुमचा मोबाईल नंबर आता परभणीच्या एका माणसाकडे आहे. शाळेची व्हॅन चालवतो, शाळा बंद म्हणून घरी बसलाय. मागच्या रविवारी सकाळी मी त्याला इथून, आयर्लंडमधल्या लिक्सलिपहून, फोन केला आणि तुमच्या नावाने त्याच्याकडे आलेला सहा आकडी ओटीपी मागितला. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाला असतात, "मेलेल्या माणसाच्या नावाने व्यवहार करतेस? इंजिनियर झालीस की दलाल?" तर अण्णा, मी एक मूर्ख बाई झाले. अकरा-बारा वर्षं मी हवा विकत घेत राहिले, आणि वर ती हवा तुमच्या नावावर ठेवली.

मामाने अमेरिकेहून आणलेला गेमचा तो काळा डबा आठवतोय ना, ज्याला तुम्ही "बेकारीचं यंत्र" म्हणायचात? तो अजून आहे, टीव्हीच्या खाली. पंखा असा ओरडतो की खलबत्त्यात खिळे कुटतंय कुणीतरी. कधीही बंद पडेल. आणि तो बंद पडला की मी आजवर घेतलेले सगळे गेम गेले, कारण त्यांची एकही तबकडी माझ्याकडे नाही, सगळे डाउनलोड केलेले. जानेवारीपासून साथीमुळे इथे पुन्हा सगळं बंद आहे, पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, शाळा लॅपटॉपवर. तुमची नात सात वर्षांची आहे. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते, तेही इथल्या हेलात. दिवसभर आमचं एकाही गोष्टीवर पटत नाही, फक्त संध्याकाळी त्या डब्यावर एक बेट बांधतो, गेल्या मार्चपासून. बंदर तिने केलंय, धरण मी. ते बेट राहणार की जाणार, एवढाच माझा प्रश्न होता.

नवऱ्याने नव्या यंत्रासाठी दोन महिने नंबर लावला होता. ते आलं तेव्हा घरात दसरा. कंपनी म्हणते, तुमचे जुने गेम नव्या यंत्रावरही चालतील. म्हणजे, बहुतेक. म्हणजे, निवडक. म्हणजे, ज्यांच्या परवानग्या शिल्लक आहेत ते. आणि ह्याच्यानंतरच्या यंत्रावर? त्याबद्दल सांगण्यासारखं सध्या काही नाही म्हणे. असलं बुळबुळीत वाक्य तुमच्यासमोर कुणी मसुद्यात घातलं असतं, तर तुम्ही कागद त्याच्याकडे परत सरकवला असता. माझा आयरिश सहकारी म्हणतो, "आह, इट विल बी ग्रँड." ह्या लोकांचं छप्पर उडालं तरी ग्रँडच असतं. नवरा म्हणाला, "एवढं काय, पुन्हा घेऊ विकत." एकच वस्तू दोनदा घ्यायची आणि वर स्वतःला समजूतदार म्हणवायचं! डोंबल.

नव्या यंत्राने पासवर्ड घेतला आणि म्हणालं, नोंदवलेल्या मोबाईलवर पाठवलेला आकडा टाका. नोंदवलेला मोबाईल म्हणजे तुमचा. तुम्ही गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात आईने तो परत केला होता, "रोज लोक खरेदीखताचं विचारतात, काय सांगू त्यांना" म्हणून.

मग मी कंपनीच्या चॅटवर गेले. पलीकडचं कुणीतरी मला तुमच्या नावाने हाक मारून "आज कसे आहात?" म्हणालं. मी सावधपणे विचारलं, समजा खातेदार वारला असेल तर? उत्तर आलं: तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. खात्यावरचे गेम हे विकलेले नसून वापराचा परवाना आहेत, तो वैयक्तिक असतो, खातेदारासोबत संपतो, कुटुंबीयांच्या नावे होत नाही. मृत्यूचा दाखला पाठवल्यास आम्ही खाते बंद करून देऊ. आणि शेवटी हसरा चेहरा. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता! मी लिहिलं, एका मैत्रिणीसाठी विचारत होते. पलीकडून पुन्हा हसरा चेहरा.

आणि तुमचा आवाज आला कानात, कारण हे सगळं तुम्ही मला आधीच सांगून ठेवलेलं होतं. कराडचं आपलं स्वयंपाकघर, मंदीचं वर्ष, कंपनीने माझी रुजू व्हायची तारीख तिसऱ्यांदा पुढे ढकललेली. मी दिवसभर डब्यासमोर. आई भाकऱ्या थापतेय, तुम्ही पाटावर बसलाय आणि मी तुमच्याकडे क्रेडिट कार्ड मागतेय, एक गेम डाउनलोड करायला. बँकेच्या पोराने गळ्यात मारलेलं ते कार्ड तुम्ही कधी पाकिटाबाहेर काढलेलं नाही. तुम्ही विचारता, "करारनामा कुठाय?" मी म्हणते, अहो, तो कुणी वाचत नाही, खाली 'मान्य' दाबायचं असतं. तुमचा घास हातातच राहतो. पस्तीस वर्षं निबंधक कचेरीच्या दारात टेबल टाकून लोकांचे दस्त लिहिणाऱ्या माणसाला हे सांगितलं मी! दुसऱ्या दिवशी तुम्ही नेट कॅफेतून तो अख्खा करारनामा छापून आणलात आणि डिक्शनरी उशाशी घेऊन दोन दुपारी तांबड्या पेन्सिलीने वाचलात. मग मला समोर बसवलंत. "हे खरेदीखत नाही. हा परवाना आहे. त्यांची मर्जी असेतो वापरायचं. वारसाला मिळत नाही, विकता येत नाही, देता येत नाही. भाडेकरूलासुद्धा ह्याहून जास्त हक्क असतो गं. तुला इंजिनियर कुणी केलं?"

मी हसले होते, अण्णा. कीव आल्यासारखं हसले होते. मनात म्हटलं, हा माणूस सात-बाराच्या पलीकडे जग बघणारच नाही.

पण मग तुम्ही काय केलंत? कार्ड दिलंत. आणि खातं उघडताना अडून बसलात: कार्ड माझं, तेव्हा घेणार मी, नाव माझं, जन्मतारीख माझी, मोबाईल माझा. "पैसे एकाचे आणि नाव दुसऱ्याचं, हा बेनामी व्यवहार." एका खेळण्यापायी कायद्याचा कीस! वर मला म्हणता, "मी आहे तोवर माझ्या नावावर असू दे. पुढे तुझ्या नावे करून देईन." सगळ्या तालुक्याला "जिवंतपणी वाटण्या करा रे" म्हणून दम देणारे तुम्ही. देता येत नाही हे स्वतः तांबडं करून ठेवलेलं, आणि देईन म्हणून शब्द! मागच्या रविवारी मला तुमचा जेवढा राग आला तेवढा त्या कंपनीचाही नाही आला. ती निदान उघड लबाड आहे.

माझंही तेच. तुम्ही गेल्यावर आम्ही सगळीकडून तुमचं नाव कमी केलं. रेशनकार्ड, गॅस, बँक, घराचा उतारा. प्रत्येक ठिकाणी दाखल्याची प्रत, आईची सही, माझी सही. हे एकच खातं राहिलं. आधी विसरले म्हणून, मग आळस म्हणून. इकडे शिकायला आले, नोकरी लागली, लग्न झालं, नवीन कार्ड आलं, तरी गेम त्याच खात्यावर घेत राहिले. दर वर्षी तुमच्या वाढदिवसाला ती कंपनी तुम्हाला शुभेच्छा पाठवते, माझ्या ईमेलवर. दर वर्षी मी म्हणते, काय फालतूपणा आहे. एकदाही पुसलेल्या नाहीत.

तर तो परभणीचा माणूस. मी म्हटलं, हा नंबर पूर्वी माझ्या वडिलांचा होता, आता तुम्हाला एक आकडा येईल तो मला सांगाल का? तो म्हणाला, "ओ ताई, ओटीपी कुणालाच सांगायचा न्हाई म्हणून बँकवाले बोंबलतात आन् तुम्ही परदेशातून मागायलात? येडं समजलात का?" अगदी बरोबर होतं त्याचं. मी फोन ठेवणार होते, तेवढ्यात त्याने विचारलं, "वडिलांचं नाव काय तुमच्या?" मी सांगितलं. मग म्हणाला, "खरेदीखतवाले? कराडचे? अहो, पहिली दोन-तीन वर्षं लई फोन यायचे त्यांना. एक म्हातारी तर मला सोडीचना. म्हणे तुम्हीच तारीख दिलीय, आता नाही कसं म्हणता. मी म्हणलं, मावशे, मी व्हॅन चालवतो. गेले का हो ते?" मी म्हटलं, अकरा वर्षं झाली. "आरारा," तो म्हणाला. "मला वाटायचं, नंबर बदलून बसलेत कुठंतरी." मग त्याने आकडे वाचून दाखवले, एकेक, सावकाश, आणि माझ्याकडून परत म्हणवून घेतले. दस्तातले आकडे तुम्ही पक्षकाराकडून म्हणवून घ्यायचात, तसे.

आकडा घेतला, पण खातं लगेच उघडलं नाही. एवढ्या वर्षांनी नवं यंत्र, तेही दुसऱ्या देशातून, म्हणून चॅटची खिडकी आपणहून उघडली आणि तुमचं नाव लिहून विचारलं, मी खुद्द खातेदाराशी बोलत आहे का? मुलगी शेजारी सोफ्यावर उभी. तिने ते वाचलं आणि म्हणाली, "मम, दॅट्स युअर डॅड. ही इज डेड." मी तिला म्हटलं, गप्प बस. आणि टाइप केलं: हो, मीच. जन्मतारीख विचारली, दिली. पहिला घेतलेला गेम कोणता, तोही सांगितला. पलीकडच्याने तुमचे आभार मानले, इतकी वर्षं साथ दिल्याबद्दल.

बरेच गेम आले. काही आले नाहीत, त्यांच्या जागी करडा चौकोन आणि कुलूप. बेट आलं. बंदर, धरण, सगळं जिथल्या तिथे. मुलगी नाचली, "इट्स ग्रँड, मम!" आणि मी किचनमधल्या प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, मसाल्याच्या डब्यांमागची फाईल काढली.

त्यात तुमचा कागद आहे. तुम्ही जायच्या आदल्या महिन्यात, मी पुण्याला रुजू व्हायला निघाले त्या सकाळी, तुम्ही तो माझ्यापुढे ठेवलात. फूलस्केपवर, तुमच्या मोत्यासारख्या अक्षरात. बक्षीसपत्र. लिहून देणार, तुम्ही. लिहून घेणार, मी. मिळकतीचे वर्णन: काळ्या डब्यातील खेळ, आजचे व पुढे घेतले जाणारे. चतुःसीमा: वर दूरदर्शन संच, खाली लाकडी फळी, उजवीस देवघर, डावीस आईचे शिवणयंत्र. सदर मिळकत तुम्हांस प्रेमापोटी दिली असे. खाली तुमची सही, तारखेसकट. म्हणालात, "ते कायद्याने टिकायचं नाही. तरी सही कर." माझी एसटी चुकत होती. मी कागद न बघता म्हटलं, "अण्णा, हा काय पोरकटपणा, लोक हसतील," आणि बॅग उचलली. तुमचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं नाही. आई सांगते, तुम्ही कागद घडी घालून रेक्झिनच्या पिशवीत ठेवलात आणि कचेरीत गेलात.

मी कॉलेजात असताना तुमचा जेवणाचा डबा घेऊन कचेरीत यायचे, तेव्हाची एक म्हातारी आठवते. भावाने तिला दोन गुंठे लिहून दिले होते, हिने लाजेकाजेस्तव घेते म्हटलं नाही, आणि भाऊ गेला. कागद घेऊन ती तुमच्या टेबलापाशी रडत होती. तुम्ही तिला पाणी दिलंत आणि म्हणालात, "आजी, देणारा जिवंत असताना घ्यायचं असतं. आता सही करून उपयोग नाही." मला तेव्हा तुम्ही फार कोरडे वाटला होतात.

हे पत्र मी कुठे पाठवणार? त्या नंबरवर पाठवलं तर तो व्हॅनवाला बिचारा वाचत बसेल. ते फाईलमध्येच राहील, तुमच्या कागदाखाली. कंपनीला मी अक्कल शिकवली, नवऱ्याला शिकवली, तुम्हालाही वरच्या चार पानांत शिकवली. आता एवढंच सांगायचं राहिलं. रविवारी मुलगी बेटावर गेल्यावर मी ओट्यापाशी उभी राहून त्या कागदावर सही केली. लिहून घेणार, ह्या जागेवर. तारीख मात्र मागची घातली, त्या सकाळची.