कॉर्नेलच्या मागे

वाउच, ४ डिसेंबर

प्रिय दादास, सा. न. वि. वि.

तळं गोठलंय, त्यामुळे शिबिरात दिवसभर नुसती वजनं उचलतोय. तुझ्या हृदयामुळे डॉक्टरांनी तुझी शर्यत कायमची बंद केली, तेव्हापासून प्रशिक्षक मला कॉर्नेलबरोबर दुहेरी होडीत बसवायला बघताहेत. तो पुढे, तुझ्या जागी, तुझ्यासारखाच उजवीकडून वल्हवणारा. मी सांगून टाकलं, लहानपणापासून मी तुझ्याच पाठीकडे बघून वल्हवत आलोय. तू हो म्हणालास तरच बसेन, नाहीतर सामान बांधून घरी येतो.

नाताळला सुट्टी नाही. आईला म्हणावं, नाताळची ओपवातेक पापडी पोस्टाने पाठव. पण पापडीचा कोपरा तू मोडलेला हवा आणि शुभेच्छा तुझीच हवी. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा विटेक

आउगुस्तूव, १५ डिसेंबर

चि. विटेक यास अनेक आशीर्वाद.

घरी येण्याच्या धमक्या देऊ नकोस, आई खरंच तुझी खोली झाडायला लागली होती! बिटाच्या सारात ती यंदा मीठ विसरणार, अशी लक्षणं आहेत.

सोबत ओपवातेक आहे. कोपरा मी खाल्ला, उरलेली तुझी. शुभेच्छा दिल्याशिवाय पापडी मोडत नाहीत, म्हणून देतो: कॉर्नेलच्या मागे बस आणि पदक आण. शेवट जवळ आला की तू घाई करतोस, हे त्याला सांगून ठेव. माझी काळजी नको. आठवण ठेव म्हणजे झालं.

तुझा झेनोन

आउगुस्तूव, २६ ऑगस्ट

चि. विटेक यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. रौप्यपदक! आई शेजारपाजारी सांगत सुटली आहे. तू विचारलंस, टीव्हीवर शर्यत बघताना मला कसं वाटलं. दुसऱ्या कुणाला सांगणार नाही, तुला सांगतो.

होड्या सुटल्या आणि माझे हात आपोआप उजव्या बाजूने चालू लागले. आईने ते धरून ठेवले. तुम्ही दोघं पुढे सरकलात तेव्हा, विटेक, मला वाटलं, हरा. माझ्याशिवाय ती होडी चालायला नको होती. तुम्ही दुसरे आलात आणि मी ओक्साबोक्शी रडलो. आईला वाटलं, आनंदाने. मीही तिला तसंच वाटू दिलं.

नाताळात तुला जे लिहिलं, ते आई समोर बसली होती म्हणून लिहिलं. आज ती बाजारात गेली आहे, घरात मी एकटाच आहे. पुढच्या वर्षीही कॉर्नेलच्याच मागे बस.

तुझा दादा