मुकादमाची टाकी

देवळाली प्रवरा, ता. राहुरी
दि. २२ एप्रिल

आदरणीय रंभाजी दाजी यांस आसारामचा सविनय जयभीम. अक्कालाही सांगावा. तुमच्या गुडघ्याला आता आराम असेल; नसला तरी असल्यासारखं चाला, म्हणजे अक्काची बोलणी जरा कमी बसतील. तुमच्या खर्ड्याकडे ऊन लई तापलंय असं कळतं. आम्ही दोघं इकडे खुशाल आहोत. पत्र बघून दचकू नका. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मधेच "बरं, ठेवू का?" म्हणता, आणि ही हकिगत मधेच ठेवण्यासारखी नाही.

प्रज्ञा लग्न होऊन नाशिकला गेली तेव्हा तिचे कपडे, पुस्तकं, गादीसुद्धा घेऊन गेली आणि कासव तेवढं आमच्याकडे ठेवून गेली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (हे कानामागे लाल पट्टा असलेलं परदेशी जातीचं. आपल्या नदीतलं कासव घरात ठेवणं गुन्हा आहे, म्हणून तुम्ही तळ्यावरून काही उचलून आणू नका.) आणलं तेव्हा बिस्किटाएवढं होतं. सगळ्यांची कामं चालू असताना मान वर करून नुसतं बघत बसायचं, म्हणून मी नाव ठेवलं मुकादम. एका निळ्या टबात दोन तांबे पाणी आणि मधोमध प्लास्टिकचं नारळाचं झाड, असा त्याचा संसार. पण बघता बघता मुकादम वीतभर झाला. त्या टबात त्याला वळायचं म्हणजे एसटीला आमच्या बोळात वळायचं. प्रज्ञा फोनवर म्हणाली, "पप्पा, तुम्ही एवढे वायरमन, त्याला एक नीट टाकी करून द्या ना." दाजी, ते "एवढे" माझ्या डोक्यात गेलं. कारखान्यात चौतीस वर्षं मोटारी सांभाळल्या, पण एवढं कुणी म्हणालं नव्हतं.

मग नगरहून काचा आणल्या. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण कंडक्टर अजून नगरचंच तिकीट देतो.) चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. शेजारच्या कानिफनाथ वेल्डरकडून टाकी ठेवायला लोखंडी घोडा करून घेतला. काचा चिकटवायचं जे सिलिकॉन असतं ते दोन दिवस वाळू द्या, असं दुकानदारानं बजावलं होतं. मी हिशेब केला, दुकानदार सावलीत बसतो, आपल्याकडे ऊन आहे, अर्धा दिवस पुरे. त्या दिवशी समोरच्या खोलीत विमलच्या बचत गटाची बैठक होती. मी मुद्दाम त्याच वेळी पाणी भरलं, की चार माणसांनी बघावं. अध्यक्षाबाई "किती छान" एवढं म्हणाल्या आणि खालचा सांधा सुटला. अडीचशे लिटर पाणी, दाजी! सतरंजी तरंगली. उंबऱ्याबाहेरच्या चपला रांगेनं गटारीकडे निघाल्या. बाकी सगळ्या सापडल्या, पण अध्यक्षाबाईंचा डावा पाय अजून अनवाणी आहे. विमलनं सतरंजी पिळून माझ्या लोखंडी घोड्यावरच वाळत घातली.

दुसऱ्यांदा मात्र मी शिकून केलं. एका कासवाला काय काय लागतं हे ऐकून तुम्ही तोंडात बोट घालाल. कासव माशापेक्षा किती तरी घाण करतं, म्हणून फिल्टर टाकीच्या दुप्पट ताकदीचा. पाणी इतकं खोल, की उलटं झालं तरी आपलं आपण सरळ व्हावं. अंग कोरडं करायला पाण्याबाहेर एक ओटा, त्यावर ऊब देणारा दिवा. आणि त्याशिवाय वेगळी एक ट्यूब, कारण उन्हातला जो किरण पाठ टणक करतो तो खिडकीच्या काचेतून आतच येत नाही! साठ वर्षं मी खिडकीत ऊन खात आलो, मला कुणी सांगितलं नव्हतं. ओट्याला आधी मी गुळगुळीत टाइल लावली. मुकादम अर्ध्यापर्यंत चढायचा आणि पुन्हा पाण्यात. तेव्हा कडप्प्याची खरबरीत बाजू वर करून उतार दिला.

आणि मग एका सकाळी तो वर चढला. दिव्याखाली थांबला. मान जेवढी होती त्याहून लांब काढली, मागचे दोन्ही पाय हवेत ताणले, एकेक बोट वेगळं केलं, अगदी पंखा उघडावा तसं, आणि डोळे मिटले. मी स्क्रूड्रायव्हर हातात धरून तसाच उभा. कुणाला इतकं सुखात असलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं.

पण एप्रिल लागला आणि मुकादमानं खाणं सोडलं. दिवसभर पुढच्या पायांनी काच खरडायची. पाणी बदललं, दिवा उंच केला, खाण्याच्या गोळ्या बदलल्या, लाल भोपळा किसून घातला. काही नाही. पलीकडचे श्रीमंत नाना येऊन बघून गेले आणि म्हणाले, "आसाराम, त्याला तुझी टाकी पसंत न्हाई. तुझं मन राखायला इतके दिवस ऱ्हायला." मला हसू आलं नाही, दाजी. खरडण्याचा तो आवाज ऐकून जेवण जाईना.

पाचव्या दिवशी आमच्या गावात गाई-म्हशींसाठी येतात त्या डॉक्टर ज्योतीताईंकडे बादलीतून नेला. त्यांनी सरळ सांगितलं, "काका, मला यातलं फार कळत नाही, पण नगरला माझी मैत्रीण आहे." तसेच नगरला गेलो. त्या मैत्रिणीनं एक्स-रे काढला आणि फिल्म खिडकीशी धरली. आत सात गोल, पांढरे, झिरोच्या बल्बसारखे ओळीनं.

"काका, तुमचा मुकादम बाई आहे. पोटात सात अंडी आहेत."

"पण मॅडम, घरात दुसरं कासवच न्हाई!"

"नर नसला तरी मादी अंडी घालते. पिल्लं निघत नाहीत एवढंच. पण घालायला तिला माती लागते. माती मिळाली नाही तर पोटातच धरून ठेवते, आणि मग जिवावर बेततं. तुम्ही टाकी चांगली केली असेल, पण सगळं पाणीच पाणी."

दाजी, दोन प्रकारचे दिवे दिले, फिल्टर दिला, आणि हातभर जमीन द्यायची राहिली. ती बिचारी पाच दिवस काचेवर तेच तर लिहीत होती.

घरी येऊन विमलनं वाळू चाळली, मी टाकीला बाजूनं लोखंडी पेटी जोडली, कानिफनाथनं हातातलं गेटचं काम सोडून वेल्डिंग केलं. फूटभर ओली वाळू भरली. दोन दिवस ती तिकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चढली, वाळूला नाक लावलं, आणि पाठ फिरवून मागच्या पायांनी उकरायला लागली. एकदा डावा, एकदा उजवा. ओंजळ करून वाळू वर आणायची, बाजूला ठेवायची. एकदाही मागं वळून बघितलं नाही. दीड तास. मग एकेक अंडं आलं, आणि प्रत्येक अंडं तिनं पायानं हळूच सरकवून नीट लावलं. सहा झाली. मग वाळू लोटली, पोटानं दाबून सारखी केली आणि पाण्यात गेली. विमलनं अर्ध्या गावाची बाळंतपणं पाहिलीत, ती पदर तोंडाशी धरून म्हणाली, "अवो, हिला कुनी शिकिवलं?" जी दुकानातून आली, प्लास्टिकच्या नारळाखाली वाढली, जिनं आपली आई पाहिली नाही की माती पाहिली नाही, तिच्या पायांना हे ठाऊक होतं.

पण फिल्ममध्ये सात होती. ती दुपार आणि ती संध्याकाळ आम्ही दोघं टाकीपुढं बसून होतो. दुसऱ्या दिवशी सातवं पाण्यातच पडलेलं दिसलं, आणि मुकादमबाई दिव्याखाली बसून भोपळा मागत होत्या. मी लगेच किसणी घेऊन बसलो.

असो. अक्काला नमस्कार, लहानांना आशीर्वाद. चूकभूल पोटात घालावी.

तुमचा,
आसाराम

ता. क. प्रज्ञाचे दिवस भरत आलेत. पहिलंच आहे, म्हणून आम्ही दोघं उद्या नाशिकला निघतोय, तीन महिने तरी. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, तिथं टाकी चढणार नाही. तुमची पडवी मात्र ऐसपैस आहे. गेल्या महिन्यात आलो होतो तेव्हा मी टेपनं पडवी मोजत होतो ते फरशीसाठी नव्हतं.

ता. क. २. हे पत्र तुमच्या हातात देतोय तो अजिनाथ टेम्पोवाला. त्याला आधी चहा द्यावा, नाही म्हणायचं ते नंतर. टाकी उतरवायला चार माणसं लागतील. मुकादमबाई पुढं त्याच्या शेजारी क्रेटमध्ये ओल्या टॉवेलात आहेत, त्यांना आधी सावलीत घ्यावं.

ता. क. ३. अक्का, मी विमल. टेम्पो चालू हाय, घाईत लिहिते. ह्यांनी क्रेट तीनदा खाली उतरवला, शेवटी मीच चढवला. आता दिवसाला चार फोन येतील, तिनं खाल्लं का म्हणून. खाल्लं नसलं तरी व्हय म्हणा, आन् मंग मला येगळा फोन करा. टाकी ह्यांनी बांधली खरी, पन तिचं सगळं मलाच ठाऊक हाय.